लेखांक १४ : कॉफीचं भांडं आणि तुमसरची लॅब

तुमसरच्या एका शाळेतल्या संगणक शिक्षकांचं पत्र आलंय. लॅबमधले संगणक आपसात जोडलेले आहेत, इंटरनेट कधी असतं, कधी नसतं, आणि नवीन काही घ्यायला पैसे नाहीत. सर एका पोरापाशी वाकले की मागच्या रांगेत गेम सुरू! जागेवरून सगळ्यांचे स्क्रीन दिसतील का, आणि तेही फुकट, असं ते विचारतात.

दिसतील. व्हेयॉन हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. आधी त्याला आयटॅल्क म्हणत. त्याचा एक भाग मुलांच्या संगणकांवर चालू राहतो, दुसरा सरांच्या. इंटरनेट लागत नाही, लॅबमधलं आपसातलं जाळं पुरतं. सरांसमोर सगळे स्क्रीन छोट्या चौकटींत मांडलेले दिसतात. हवं तेव्हा सगळ्यांचे स्क्रीन एकदम लॉकही करता येतात.

यामागचं तंत्र व्हीएनसी, आणि तिथे मला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं. इतर मजल्यांवरची मंडळी जिने ओलांडून यायची आणि भांडं रिकामं सापडायचं. म्हणून त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी चित्र दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, पॉल जार्डेट्स्की यांनी ते पाठवणारा. चित्र होतं करड्या रंगाचं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, मिनिटाला तीनेकदा बदलणारं. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि २००१ पर्यंत जगभरचे लोक ते भांडं बघत राहिले! हेच स्टॅफर्ड-फ्रेझर पुढे केंब्रिजमधल्याच ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत व्हीएनसी घडवणाऱ्यांत होते.

त्या धूसर चित्रातून भांड्यात कॉफी आहे की नाही एवढंच कळायचं, आणि तेवढंच कळायला हवं होतं. सरांनाही माझं हेच सांगणं आहे : चौकटी छोट्याच ठेवा. व्हीएनसी स्क्रीनचा बदललेला तुकडाच पाठवतं. टायपिंग करणाऱ्या मुलीच्या चौकटीत जेमतेम एक ओळ हलते, गेम खेळणाऱ्याची चौकट सारखी नाचते. नजर आपोआप तिकडे जाते, मजकूर वाचावा लागत नाही. चौकट मोठी करून एखाद्याचं लिहिलेलं वाचायचं असेल, तर त्याला आधी सांगून वाचावं. अमेरिकेतल्या लोअर मेरियनच्या शाळांनी मुलांना घरी दिलेल्या लॅपटॉपचे कॅमेरे न सांगता चालू केले होते. २०१० मध्ये ६ लाख १० हजार डॉलरवर प्रकरण मिटलं. तिथे बघण्याची यंत्रणा चोरी शोधण्यासाठी बसवलेली होती, हे विशेष.

सरांचा शेवटचा प्रश्न : मुलंच सरांचा स्क्रीन बघू लागली तर? व्हेयॉनमध्ये किल्ल्यांची जोडी तयार करता येते. सार्वजनिक किल्ली मुलांच्या संगणकांवर जाते, खाजगी किल्ली फक्त सरांच्या, आणि ती ज्याच्याकडे असेल त्यालाच दुसऱ्याचा स्क्रीन बघता येतो. गडबड होते ती बसवताना. वीज जायच्या आत काम उरकायचं म्हणून एकाच पेनड्राइव्हवरून सगळं सगळीकडे कॉपी होतं, आणि खाजगी किल्लीही सोबत जाते. बसवून झालं की प्रत्येक संगणकावर ती फाइल राहिली का बघा, असली तर काढा. पेनड्राइव्हवरूनही काढा, तो लॅबमध्येच पडून राहतो.