सावडीचें देणें

गेल्या श्रावणांत आमचे एक मित्र वारले. सोलापूर जिल्ह्यांत आमचें व त्यांचें शेत एका बांधाचें. शाळेंत बसलों तेंही एकाच बस्करावर. त्यांच्याविषयीं चार ओळी लिहावयास घेतल्या, तों एका देण्याची गोष्ट आधीं आठवली.

आमच्या तरुणपणीं दोघांच्या दावणीला एकेकच बैल. सावड केल्यावांचून पाभर चालणें अशक्य. सावड म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. परंतु तिची खरी परीक्षा रब्बीच्या पेरणींत होते. दोन्ही रानांस वाफसा एकदमच येतो, आणि जोडी एक. एक वर्ष आधीं त्यांचें, एक वर्ष आमचें, असा आम्हीं पायंडा पाडला होता.

सन १९७२ च्या दुष्काळांत दोघांनीं एकाच कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, बैल कसेबसे वांचविले. त्यांच्या घरीं मालदांडी ज्वारीचें बीं राखेंत घालून ठेविलें होतें. घरांत पीठ नसतांही त्यांनीं तें जात्यावर जाऊं दिलें नाहीं. मोहोळच्या संशोधन केंद्रांतून निघालेली ही मालदांडी ३५-१. संकरित वाणासारखें तिचें बीं दरसाल विकत आणावें लागत नाहीं, घरचें राखतां येतें. पण राखणारा तसा लागतो! एकरीं चार किलोच्या हिशेबानें आमच्या रानालाही तेंच बीं पुरलें.

१९७३ सालीं पाऊस परतला. पाळी त्यांची होती. परंतु आमचें रान मुरमाड, ओल धरीत नाहीं. त्यांचें काळें व खोल. "तुझें आधीं उरक, माझी जमीन दम धरील," असें म्हणून त्यांनीं जोडी आमच्या रानांत घातली. आमची पेरणी आटोपली आणि त्यांचा बैल लंगडूं लागला. तो सावरेपर्यंत आठवडा गेला, ओल खालीं गेली, त्यांची उगवण विरळ झाली. आमचें पीक साधलें. त्या पैशांतून आम्हीं दुसरा बैल घेतला, व सावड मोडली. ती पाळी फेडावी असें मनांत आलें नाहीं, असें नाहीं. आलें, आणि आम्हीं तें जाऊं दिलें. त्यांनीं ती गोष्ट जन्मांत पुन्हा काढली नाहीं.

यंदा हस्तांत आम्ही काठी टेकीत त्यांच्या मुलाकडे गेलों व म्हणालों, "आधीं तुझें रान पेर, मग आमचें."

तो नवल करून म्हणाला, "काका, ट्रॅक्टर भाड्यानें सांगितला आहे. दुपारपर्यंत दोन्ही रानें होतील."

तरी आम्हीं हट्ट धरिला. ट्रॅक्टर आधीं त्यांच्याच रानांत उतरला, व तें पुरें होईतों आम्ही बांधावर बसून राहिलों.