मातीविना मूर्ती

पडद्यावर धावणारी, हसणारी त्रिमितीय चित्रे पाहताना आपण रमून जातो. पण ती घडतात कशी, याचा विचार सहसा करीत नाही. हे काम धनिकांचेच, असा समजही सर्वत्र आढळतो. म्हणून ‘ब्लेंडर’ या सॉफ्टवेअरचा हा अल्प परिचय.

पहिला टप्पा घडणीचा. पडद्यावर आरंभी एक साधा घन दिसतो. त्याचे कोपरे, कडा व पृष्ठे ओढून, कापून, जोडून हवी ती आकृती तयार करावयाची. चेहऱ्याची एक बाजू घडविली की आरशातल्याप्रमाणे दुसरी आपोआप उमटविण्याची सोय आहे. शाडूच्या मातीसारखा आकार दाबून-फुगवूनही मूर्ती करता येते.

दुसरा टप्पा सांगाड्याचा. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या बाहेरून असतात. येथे आकृतीच्या आत हाडे बसवितात. दंड हलविला की हात हलतो.

तिसरा टप्पा गतीचा, आणि खरी कला येथेच आहे. चित्रपटात एका सेकंदाला साधारणतः २४ चित्रे लागतात. कलावंत त्यांतील मोजक्याच अवस्था ठरवितो. मधल्या संगणक भरतो. परंतु उडणारा चेंडू सर्वस्वी संगणकावर सोपविला, तर तो जमिनीजवळ येतानाही मंदावतो आणि पिसासारखा भासतो. खरा चेंडू वर रेंगाळतो व खाली वेगाने आपटतो. हे निरीक्षण माणसालाच करावे लागते.

शेवटी रंग, दिवे व कॅमेरा यांची योजना करून चित्रे काढून घ्यावयाची. प्रकाशकिरणांचा हिशेब करण्यास वेळ लागतो. एका चित्रास एक मिनिट धरले, तरी दहा सेकंदांच्या दृश्यास चार तास हवेत!

नेदरलँड्समधील टॉन रूझेंडाल यांनी १९९४ मध्ये ब्लेंडरचा आरंभ केला. २००२ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली. तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत १,००,००० युरो जमवून ते सोडविले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते सर्वांसाठी खुले झाले. आज ते कोणीही विनामूल्य वापरावे, आतून तपासावे, बदलावे व इतरांस द्यावे. याच साधनाने घडलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या चित्रपटास २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले.

माझे वडील गवंडी आहेत. थापी-ओळंबा स्वतःचा नसेल, तर कारागिराला दुसऱ्याच्या हाताखाली राबावे लागते, हे मी घरीच पाहिले आहे. म्हणून हत्यार फुकट मिळणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही. संगणक मात्र अजून विकतच घ्यावा लागतो, आणि तो आमच्यापैकी अनेकांच्या घरी नाही.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती, की संगणककक्ष सायंकाळी दोन तास आम्हांस खुला ठेवावा. आणि मित्रहो, तो खुला झाला, तर प्रथम तो चेंडू नीट उडवून पाहू या!