काळ्या पाषाणात नसलेला साक्षीदार

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे चिरे पाहताना विद्यार्थी आम्हांस विचारतात, या दगडात जीवाश्म मिळतील काय? आमचे उत्तर नकारार्थी असते. हा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे तळ्यांचा गाळ सापडतो. नागपूरजवळ टाकळी येथे अशा गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायी दगड होऊन राहिल्या आहेत. परंतु दीपशिंपला तेथेही नाही, कारण तो केवळ समुद्रातच राहतो.

शास्त्रज्ञ त्यास ब्रॅकिओपॉड म्हणतात. त्याच्या काही जाती रोमन लोकांच्या तेलाच्या दिव्यासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. वात बाहेर येई त्या जागी शिंपल्यास छिद्र असते आणि त्यातून निघालेल्या देठाने हा जीव खडकास चिकटून राहतो. बाजारातल्या तिसऱ्यांशी त्याचे नाते दूरचे. तिसरीची दोन शिंपे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. दीपशिंपल्याची वरची व खालची शिंप मात्र असमान, पण प्रत्येकीचे डावे-उजवे अर्ध सारखे. हातात एक शिंप आली तरी एवढ्यावरून ओळख पटते.

आज त्यांच्या सुमारे ४०० जाती उरल्या आहेत. जीवाश्मांच्या जाती बारा हजारांहून अधिक. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात बहुतेक कुळे संपली. आपल्या पूर्व किनाऱ्याच्या चिखलात बीळ करून राहणारा लिंग्युला याच गणातला. त्यास 'जिवंत जीवाश्म' म्हणण्याची रीत आम्हांस फारशी रुचत नाही. शिंप जुन्यासारखी दिसते, म्हणून आतला जीव पन्नास कोटी वर्षे जसाच्या तसा राहिला असे ठरत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास मोलाचा वाटेल तो मध्य प्रदेशातील उमरियाचा थर. आज तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. भोवतालचे कोळशाचे खडक जमिनीवरच्या गाळाचे; मध्येच काही मीटर जाडीच्या थरात प्रॉडक्टस व स्पिरिफर हे दीपशिंपले दाटीने सापडतात. पर्मियन काळात समुद्राचा एक फाटा तेथवर आला होता, हे त्यांवरून कळते. कच्छमध्येही ज्युरासिक काळातील दीपशिंपले विपुल आहेत. तिकडे जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ते जागीच पाहावेत, छायाचित्र घ्यावे, थराची नोंद करावी. उचलून आणलेला शिंपला कोणत्या थरातला, हे मागाहून सांगता येत नाही.