विश्लेषण : कमरेला वीस वर्षे बाळगलेले पिस्तूल ऐनवेळी चालेल का?

अमरावती, अकोल्यात शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांमध्ये सराफ, अडते, पेट्रोल पंपचालक, जिनिंगमालक आणि राजकीय पदाधिकारी असतात. परवाना मिळवण्यासाठी किती खटपटी करावी लागते, याची चर्चा बरीच होते. पुढे तेच पिस्तूल वीस-पंचवीस वर्षे कमरेला किंवा कपाटात राहते, त्या काळाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. त्यातून अनेकदा एकही गोळी झाडली जात नाही. मग गरज पडली तर ते चालेल का आणि नको तेव्हा सुटणार तर नाही ना, हे दोन प्रश्न उरतात.

पिस्तूल झाकूनच बाळगायचे का?

होय. शस्त्र नियम २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर नेताना ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा योग्य बॅगेत असले पाहिजे. ते पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर नियंत्रण हवे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र दाखवणे, मिरवणे किंवा झाडणे याला मनाई आहे. त्यामुळे कमरेचे पिस्तूल दिसेल असा सदरा खोचणे किंवा वाढदिवसाच्या फोटोत ते टेबलावर ठेवणे परवान्यावर गदा आणू शकते. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवाना कोण देते? शस्त्र कोणते मिळते?

अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तेथे परवाना पोलीस आयुक्त देतात. अमरावती ग्रामीण आणि अकोला जिल्ह्यात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे लागते आणि पोलिसांचा अहवाल मागवला जातो. डिसेंबर २०१९ पासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे.

पोलिसांकडचे ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. म्हणून बहुतेक परवानाधारकांकडे पॉइंट ३२ बोअरचे शस्त्र दिसते. कानपूरच्या कारखान्यातले पॉइंट ३२ रिव्हॉल्वर आणि इशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल ही सरकारी नावे ओळखीची आहेत. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर टायटॅनियम मिश्रधातूचे आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे होते. किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ रिव्हॉल्वर बाजारात आले. एवढा पैसा घातल्यावर शस्त्र वारंवार बदलले जात नाही. एकदा घेतले की ते आयुष्यभराचे, असाच हिशेब असतो.

वऱ्हाडच्या हवेत शस्त्राचे काय होते?

कमरेच्या पिस्तुलाची झीज गोळ्या झाडून कमी आणि बाळगून जास्त होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. कमरेला लावलेल्या शस्त्राची एक बाजू दिवसभर घामात राहते. घामातल्या मिठाने पोलादावरचे काळसर-निळे आवरण आधी फिके पडते, मग गंजाचे बारीक ठिपके उठतात. ते बहुधा मुठीच्या पट्ट्यांखाली किंवा होल्स्टर घासते त्या कडेला सुरू होतात, म्हणून वरवर पाहताना दिसत नाहीत.

दुसरा शत्रू धूळ. जिनिंगमध्ये, कापसाच्या गाड्यांवर वावरणाऱ्याच्या कपड्यांत रुईचा तंतू असतोच. शस्त्राला भरपूर तेल लावले की हा तंतू आणि माती त्यात बसून चिकट थर तयार होतो. उन्हाळ्यात तेलाचा पातळ अंश उडून जातो आणि मागे मेणासारखा राप उरतो. त्यामुळे जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, हा समज चुकीचा आहे. हलत्या भागांवर तेलाचा पातळ हात पुरतो.

तिसरी गोष्ट चामड्याची. घराबाहेर नेताना चामडी होल्स्टर चांगले, पण शस्त्र त्यातच ठेवून कपाटात बंद करणे वाईट. पावसाळ्यात चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेल्या रसायनांचा धातूवर परिणाम होतो. चिखलदऱ्यासारख्या पावसाळी, धुक्याच्या ठिकाणी हे लवकर घडते. शस्त्र वेगळे, कोरड्या सुती कापडात आणि कुलपात ठेवावे. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

पिस्तूल जास्त भरवशाचे की रिव्हॉल्वर?

दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पिस्तुलात गोळी सुटल्याच्या धक्क्याने वरचा स्लाइड मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत भरतो. या साखळीत स्प्रिंग थकली, मॅगझिनचे ओठ वाकले, तेल घट्ट झाले किंवा काडतूस कमजोर निघाले की पिस्तूल अडते. मॅगझिन कायम भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने जेवढी थकते, त्याहून जास्त ती वारंवार दाबल्या-सोडल्याने थकते. मॅगझिन हा मात्र पिस्तुलाचा सर्वात नाजूक भाग आहे. पडून चेपलेले मॅगझिन ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेले बरे.

रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की सिलिंडर फिरतो. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढल्यावर पुढचे काडतूस समोर येते. कित्येक महिने न हलवता ठेवलेल्या शस्त्रासाठी हा गुण मोठा आहे. पण रिव्हॉल्वर बिघडतच नाही, असे नाही. काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली कचरा अडकला तरी सिलिंडर जाम होतो. कानपूरचे रिव्हॉल्वर वेब्ली पद्धतीचे, मधून मोडून भरायचे आहे. अशा शस्त्रात वरची कडी आणि बिजागरी जुन्या काळात ढिली पडली का, हे तपासून घ्यावे लागते.

काडतुसे किती वर्षे टिकतात?

काडतुसावर औषधासारखी अखेरची तारीख नसते. थंड, कोरड्या जागी ठेवलेली काडतुसे अनेक वर्षे चांगली राहतात. कमरेला बाळगलेल्या काडतुसांचे गणित वेगळे. त्यांना रोज घाम, ऊन आणि तेल लागते. तेल झिरपून बुडातल्या टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, शिरले तर काडतूस निकामी होऊ शकते. बंद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये भर उन्हाळ्यात ठेवलेल्या काडतुसांवरही भरवसा ठेवता येत नाही. पितळेवर हिरवट डाग, सैल झालेली किंवा आत दबलेली गोळी दिसली, तर ते काडतूस वापरू नये. पिस्तुलात एकच काडतूस रोज भरून-काढून गोळी हळूहळू आत सरकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ पासूनचा हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतुसे किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते आणि खरेदीची नोंद विक्रेता करतो. त्यामुळे जुनी काडतुसे नदीत टाकणे किंवा कुणाला देऊन मोकळे होणे, हा मार्ग नाही. ती रेंजवर वापरावीत किंवा रीतसर जमा करावीत.

गोळी झाडून पाहायची कुठे?

शेतात, टेकडीवर किंवा धाब्यामागे ‘चालते का’ म्हणून गोळी झाडणे गुन्हा ठरू शकतो. परवानगी असलेल्या शूटिंग रेंजवरच सराव करता येतो. बाळगायची तीच काडतुसे, तेच मॅगझिन वापरून वर्षातून एकदा तरी शस्त्र चालवून पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशाबद्दल काही सांगता येत नाही. वीस वर्षे न झाडलेले पिस्तूल ‘एकदम नवे’ असते, असे विक्रीच्या वेळी सांगितले जाते. खरे तर ते न तपासलेले असते.

रेंजवर चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. काही वेळा काडतूस उशिरा पेटते. लगेच नळीत डोकावून पाहणे जिवावर बेतू शकते.

नको तेव्हा गोळी कशी सुटते?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतील जुहूच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवानाधारक रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला लागली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली. वऱ्हाडातल्या प्रत्येक परवानाधारकाच्या घरात शस्त्र असेच रोज कपाटात जाते आणि निघते.

जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला राहतो. अशा शस्त्रावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. नव्या बनावटीत त्यासाठी आडकाठी असते, पण तो भाग झिजला किंवा तुटला तर बाहेरून कळत नाही. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करणे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणे आणि निसटलेले शस्त्र हवेत झेलण्याचा प्रयत्न न करणे, हे तीन नियम कोणत्याही यंत्रणेपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून लिहून घेतली जाते, ती याचसाठी. घरात लहान मुले असतील किंवा कुणी खचलेल्या मनःस्थितीत असेल, तर किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न गंजापेक्षा मोठा ठरतो. अशा काळात शस्त्र घराबाहेर, अधिकृत ठिकाणी जमा ठेवणे हाच शहाणपणा.

दुरुस्ती कोणाकडे करायची?

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच. त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडून फायरिंग पिन घडवून घेणे धोक्याचे आहे आणि बेकायदाही. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर, खरगोन भागातून येणाऱ्या देशी पिस्तुलांचे सुटे भाग बसवणे तर परवानाधारकालाच आरोपी करते. घरी करायचे काम पुसणे, तेल देणे आणि तपासणे एवढेच.

कागद चुकला तर?

शस्त्र ठणठणीत असूनही परवान्याची मुदत संपली, तर ताबा बेकायदा ठरतो. विनापरवाना शस्त्रासाठी २०१९ नंतर दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पाच वर्षांची मुदत लांब वाटते, म्हणूनच ती विसरली जाते. निदान दोन-तीन महिने आधी अर्ज करणे बरे.

परवान्यावर वैधतेचे क्षेत्रही लिहिलेले असते. ते केवळ महाराष्ट्रापुरते असेल, तर धारणीहून बुऱ्हाणपूर किंवा खंडव्याकडे जाताना राज्याची हद्द ओलांडताच अटीचा भंग होतो. मेळघाटच्या अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली. विमानाने जाताना शस्त्र आधी जाहीर करावे लागते आणि ते हातातल्या बॅगेत चालत नाही.

निवडणुकीत जिल्ह्याची छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात शस्त्र जवळपास तीन महिने मालकाच्या नजरेआड. जमा करण्यापूर्वी ते स्वच्छ करून तेलाचा हात द्यावा, क्रमांकासह पावती घ्यावी आणि परत आल्यावर तपासूनच कमरेला लावावे.

मुलाकडे देता येते का?

आपोआप नाही. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. हयातीतही परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असले, तर तो ठरवेल त्या वारसाला अर्ज करता येतो. वारसाला पात्रता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. वडील गेल्यावर ‘आठवण’ म्हणून पिस्तूल तिजोरीत ठेवले, तर तो विनापरवाना ताबा होतो. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे.

पंचवीस वर्षांचा हा टप्पा हिशेब मांडायलाही योग्य आहे. ज्या धोक्यासाठी पिस्तूल घेतले तो अजून आहे का? हात, नजर आणि सराव शाबूत आहे का? रेंजवर ते शेवटचे कधी चालवले? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर शस्त्र रीतसर विकणे किंवा जमा करणे यात कमीपणा नाही. जे चालेल याची खात्री नाही, पण चुकून सुटण्याची भीती आहे, असे पिस्तूल घराचे रक्षण करत नाही.