जुन्या मोटारीचा नवा गिअर

वडिलोपार्जित वाड्यांत विजेचे दिवे घेतांना कोरीव खांबांना खिळे ठोकूं नयेत, हें समंजस गृहस्थाला सांगावें लागत नाहीं. अगदीं हाच विवेक अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या शौकिनांना एका निराळ्या प्रकरणीं करावा लागतो. जुन्या गाडीला ‘ओव्हरड्राइव्ह’ असलेली स्वयंचलित गिअर-पेटी बसविणें, हें तें प्रकरण होय. विषय यंत्राचा असला तरी त्यांतील मर्म घरोघर पटण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल १९५५ सालची शेव्हरोलेट बेल एअर ही गाडी घेऊं. तींत स्वयंचलित पेटी घेतल्यास ती ‘पॉवरग्लाइड’ नांवाची मिळे. १९५० सालीं निघालेल्या या पेटींत पुढें जाण्याचे गिअर अवघे दोन. त्या काळच्या रस्त्यांना ते पुरत. कारण ही गाडी निघाली तेव्हां अमेरिकेंतील हल्लींचे लांबलचक राजमार्ग बांधण्याचा कायदाही व्हावयाचा होता. तो १९५६ सालीं झाला. आज आजोबांची गाडी घेऊन नातू त्या राजमार्गाला लागला, कीं एंजिन ओरडूं लागतें आणि मागें बसलेल्या मंडळींचें बोलणें पुढें ऐकूं येत नाहीं.

याचें कारण साध्या हिशेबानें कळेल. पॉवरग्लाइडच्या वरच्या गिअरमध्यें एंजिनाचा एक फेरा म्हणजे मागें जाणाऱ्या दांड्याचाही एकच फेरा. मागील आंसाचें प्रमाण ३.५५ आणि चाकाचा व्यास २७ इंच धरला, तर तासीं ६० मैल जातांना एंजिनाला दर मिनिटास सुमारें २६५० फेरे घ्यावे लागतात. ओव्हरड्राइव्हमध्यें एंजिन दांड्यापेक्षां सावकाश फिरतें. १९८२ सालीं जनरल मोटर्सनें काढलेल्या ‘७००-आर-४’ या पेटींत चार गिअर असून चौथ्याचें प्रमाण ०.७० आहे. म्हणजे वेग तोच, पण फेरे सुमारें १८५०! शिवाय पहिल्या गिअरचें प्रमाण ३.०६ असल्यामुळें गाडी जागची हलतांनाही अधिक चपळ होते. पॉवरग्लाइडमध्यें तें १.८२ होतें.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग उशीर कशाला? परंतु नव्या पाहुण्यासाठीं घरांत जागा करावी लागते. १९५५ च्या गाडींत एंजिनाचा मागचा भार क्लचच्या जागेवरील कवचाच्या दोहों बाजूंच्या आधारांवर असतो. नव्या पेटीचें कवच तिच्याशीं एकसंध ओतलेलें असल्यामुळें ते आधार उपयोगी पडत नाहींत. पेटीखालीं नवा आडवा दांडा बसवावा लागतो. तो वेल्डिंगनें जोडण्यापेक्षां बोल्टांनीं बसविलेला बरा. पुढेंमागें काढतां येतो. मागील फिरत्या दांड्याची लांबीही नव्यानें मोजून घ्यावी लागते. जुन्या तबकडीवर ‘रिव्हर्स’ अगदीं शेवटीं आहे, तर नव्या पेटींत तें ‘पार्क’च्या लगत येतें. तबकडी न बदलल्यास कांटा खोटें सांगेल, आणि संवयीचा हात गाडी भलतीकडे नेईल.

तथापि सर्वांत मोठा धोका एका बारीक तारेंत आहे. ही तार कार्ब्युरेटरच्या झडपेपासून पेटीपर्यंत जाते. इतर कित्येक पेट्यांत अशा तारेचें काम केवळ खालचा गिअर घेण्यापुरतें असतें. त्यामुळें हिच्याकडेही लोक दुर्लक्ष करतात. येथें मात्र चालकानें पाय किती दाबला आहे हें तीच पेटीला सांगते, आणि त्या निरोपावर पेटींतील तेलाचा दाब ठरतो. तार सैल राहिली, तर गिअर लवकर आणि लोण्यासारखे मऊ बदलतात. मालक खूष होतो! परंतु दाब कमी पडल्यामुळें आंतील क्लचच्या चकत्या घट्ट न धरतां घसरत असतात, आणि थोड्याच मैलांत जळून जातात. पाय पूर्ण दाबला असतां तारही पूर्ण ओढली गेली पाहिजे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यांत तिनें योग्य प्रमाणांत सरकलें पाहिजे. जुन्या कार्ब्युरेटरला हें आपोआप साधत नाहीं. त्यासाठीं खास जोड लावून, दाबमापक बसवून खात्री करावी लागते. ती झाल्यावांचून पहिला फेरफटकाही मारूं नये.

तेलाचीही काळजी हवी. वेग स्थिर झाला, कीं नव्या पेटींतील टॉर्क-कन्व्हर्टर विजेच्या सहाय्यानें जखडला जातो. ती जोडणी केली नाहीं, तर घसरण चालू राहून तेल तापतें. सुदैवानें शेव्हरोलेटच्या गाड्यांत १९५५ पासूनच १२ व्होल्टची वीज आली, म्हणून हें काम सुलभ होतें. तेल थंड करण्याची निराळी जाळी बसविणेंही हितावह. चढण लागली, तर मात्र ओव्हरड्राइव्हचा हट्ट सोडून खालचा गिअर घ्यावा. कारण तो सपाट वाटेवरचा विसावा आहे, शक्ति नव्हे.

मग हा खटाटोप करावा कीं नाहीं? गाडी केवळ गांवांत, सणासुदीला फिरावयाची असेल, तर जुनी पेटीच शोभते. दूरचे प्रवास नेहमीं करावयाचे असतील, तर नवी अवश्य घ्यावी. मात्र जुनी पेटी भंगारांत न घालतां तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावी. पुढील पिढीला ती परत बसवावीशी वाटली, तर तिचा तो हक्क आपण कां हिरावून घ्यावा?

जुन्यांत नवें आणतांना पहिल्याच दिवशीं जें सुखाचें वाटतें, त्यावर भाळूं नये. फार मऊ चालणाऱ्या गाडीची तार एकदां तपासून पाहावी, हें उत्तम.