रग जिरवून घोडा घडत नाही

चाबूकस्वार हे आडनाव आपल्याकडे आजही आहे. ते ऐकलं की डोळ्यांपुढे हातात चाबूक घेतलेला माणूस उभा राहतो. पण शब्द फारसीतून आलेला आहे आणि तिथे ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तरबेज. कोऱ्या घोड्याला शिकवून स्वारीलायक करणारा तरबेज स्वार तो चाबूकस्वार. मराठी कानाला मात्र त्यात फटकाच ऐकू येतो, आणि घोडा शिकवण्याबद्दलच्या आपल्या बहुतेक समजुतींतही तोच फटका आहे.

त्यात सिनेमाने भर घातली. लाकडी कुंपणात उधळलेला घोडा, पाठीवर चिकटून बसलेला काउबॉय, धुरळा, आणि अखेर मान टाकून उभा राहिलेला घोडा. हे चित्र अमेरिकेतल्या रँचवरचं, म्हणजे गुरांच्या अफाट कुरणांवरचं. टेक्सासातलं किंग रँच १८५३ साली सुरू झालं आणि आज सव्वाआठ लाख एकरांवर पसरलंय. अशा मुलखात कळपातून एखादं आजारी वासरू वेगळं काढायचं, नाल्याकाठच्या झुडपांतून गुरं हुसकायची, तर आजही घोडाच लागतो. हा कामाचा घोडा तयार कसा होतो आणि त्याची निगा कशी राखतात, याचं खरं चित्र सिनेमापेक्षा बरंच संथ आहे.

‘रग जिरवल्याशिवाय घोडा ताब्यात येत नाही’

सिनेमातलं चित्र निखालस खोटं नाही, हे आधी सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सासमधून गुरांचे प्रचंड तांडे उत्तरेला हाकले जात. घोडे स्वस्त होते, वेळ थोडा होता. घोडे वठणीवर आणणारी माणसं रँचोरँच फिरत आणि डोईमागे पैसे घेत. दोन-चार दिवसांत घोड्यावर बसता आलं की त्यांचं काम संपलं. त्यातले कित्येक घोडे जन्मभर बुजरे राहिले, कित्येक लंगडे झाले. ती घाईची किंमत होती.

आज उधळणारा घोडा दिसतो तो रोडिओच्या रिंगणात. तो निराळाच धंदा आहे. तिथे उधळण्यासाठीच घोडे पैदास करतात आणि स्वाराने आठ सेकंद टिकायचं असतं. रँचवर उधळणारा घोडा म्हणजे डोकेदुखी. मैलोन् मैल एकट्या माणसाला पाठीवर घेऊन जाणाऱ्या जनावरात कुणालाच ती खोड नको असते.

मग घोडा शिकतो कशाने? दाब सुटण्याने. हे जवळून पाहण्यासारखं आहे. दोन वर्षांचं शिंगरू गोल कुंपणात उभं आहे. माणूस त्याच्या खांद्याच्या रोखाने हळू येतो आणि हात पुढे करतो. शिंगरू अंग चोरतं, एक पाऊल सरकतं. माणूस हात मागे घेत नाही आणि पुढेही रेटत नाही, तिथेच ठेवतो. शिंगराचा एक कान माणसाकडे वळतो, पाय थांबतात, मान जराशी खाली येते, आणि त्याच क्षणी माणूस हात काढून घेतो, पाठ फिरवून दोन पावलं मागे जातो. शिंगराला कळतं की थांबलं की त्रास संपतो. पुढे लगामाची ओढ, टाचेचा स्पर्श, सगळं याच रीतीने शिकवलं जातं. दाब देणं कुणालाही जमतं. तो नेमक्या क्षणी सोडण्यात सगळं कसब आहे. अर्धा सेकंद उशीर झाला तर घोडा भलतंच शिकतो.

ही रीत अमेरिकेत पसरवणाऱ्यांत दोन नावं मोठी. ओरेगनमधल्या रँचवर वाढलेले टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि त्यांच्याकडून शिकलेले आयडाहोचे रे हंट (१९२९–२००९). हंट गावोगाव शिबिरं घेत. त्याच परंपरेतले बक ब्रॅनमन हे रॉबर्ट रेडफर्डच्या १९९८ सालच्या ‘द हॉर्स व्हिस्परर’ चित्रपटाचे सल्लागार होते. हे नवं, शहरी लाडांचं खूळ आहे असं कुणी म्हटलं, तर ग्रीक सेनानी झेनोफॉनने इ.स.पू. चौथ्या शतकात लिहिलेला अश्वविद्येवरचा ग्रंथ आठवावा. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये, हे त्याने तेव्हाच बजावलं होतं, आणि त्याचे घोडे लढाईत जाणारे होते.

खुद्द काउबॉयांमध्ये मुरलेला एक समजही इथेच सांगतो. घोड्याला डाव्या बाजूने शिकवलेलं उजव्या बाजूला कळत नाही, कारण त्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत, असं सांगतात. ते चूक आहे. एका डोळ्याने शिकलेली गोष्ट घोडा दुसऱ्या डोळ्यानेही ओळखतो, हे प्रयोगांत दिसलंय. तरी दोन्ही बाजूंनी शिकवायची पद्धत बरोबरच आहे. एकच वस्तू दुसऱ्या बाजूने निराळी दिसते, आणि माणसासारखाच घोडाही एका अंगाने जास्त सरावलेला असतो.

‘दोन वर्षांचा झाला, म्हणजे तयार झाला’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. दोन वर्षांचा घोडा अंगाने भरलेला दिसतो, उंचीही जवळजवळ पुरी झालेली असते. पण हाडांचं वेळापत्रक वेगळं असतं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते. ती हाडात बदलली की त्या हाडाची वाढ संपते. खुराजवळच्या हाडांत हे पहिल्या वर्षातच उरकतं. पुढच्या गुडघ्याच्या वरची पट्टी दोन ते अडीच वर्षांच्या आसपास मिटते. आणि ज्या पाठीवर खोगीर ठेवायचं, तिच्या मणक्यांची वाढ सगळ्यांत शेवटी, पाचव्या वर्षाच्या पुढेमागे पुरी होते.

म्हणून पाच वर्षांपर्यंत घोड्याला हातच लावू नये, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणारेही आहेत. तोही चुकीचा आहे. हाड वापराने घट्ट होतं. कोंडून वाढवलेल्या शिंगरापेक्षा कुरणात आईमागे पळणाऱ्या, मध्येच जोराची दौड मारणाऱ्या शिंगराची हाडं मजबूत होतात. लहान वयात हालचाल हवी, ओझं आणि रोज त्याच वर्तुळात गरगर फिरवणं नको.

अनेक रँचवर यातून एक शहाणा रिवाज पडलाय. दुसऱ्या वर्षी शिंगराला खोगिराची, तंगाची, पाठीवरच्या माणसाची ओळख करून देतात. थोडे दिवस, थोडा वेळ, हलकी चाल. मग त्याला महिनोन् महिने कुरणात सोडून देतात. तिसऱ्या वर्षी पुन्हा आणतात आणि हलकं काम देतात. घोडा शिकलेलं विसरत नाही. मधल्या काळात तो वाढतो, एवढंच. याउलट फोर्ट वर्थला होणाऱ्या ‘कटिंग’च्या, म्हणजे कळपातून एक जनावर वेगळं काढून दाखवण्याच्या मोठ्या स्पर्धेत तीन वर्षांचे घोडे उतरतात. बक्षीस मोठं असतं, त्यामुळे दुसऱ्याच वर्षी कसून तालीम सुरू होते. माझ्या मते तिथे पैशाने वय ठरवलंय, शरीराने नाही.

‘लगाम जितका जबर, तितका ताबा जास्त’

अडीच ते पाच या वयात घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात. तोंड दुखरं असतं. कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश गुराख्यांनी, वाकेरोंनी, यावर फार पूर्वी तोड काढली. कोवळ्या घोड्याच्या तोंडात लोखंड घालायचंच नाही. कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी विणलेलं, पेअरच्या आकाराचं एक कडं नाकावर बसवायचं आणि हनुवटीखालच्या गाठीला घोड्याच्याच केसांचा पिळलेला दोर लगाम म्हणून बांधायचा. याला हॅकमोर म्हणतात. तो दोर मानेला टोचरा लागतो, त्यामुळे नुसता टेकवला तरी घोडा वळतो. यावर साधारण दोन वर्षं काढायची. मग तोंडात लगाम द्यायचा, पण वर्षभर नुसता वागवायला. इशारे अजून नाकावरच्या कड्यानेच. अखेर कडं जातं आणि लगाम उरतो.

तो शेवटचा लगाम बघून माणूस दचकतो. तोंडात चमच्यासारखी उभी पट्टी असते. हे यातनांचं यंत्र आहे असं वाटतं, आणि अडाण्याच्या हाती ते खरोखर तसंच ठरेल. पण पाच-सहा वर्षं शिकलेला घोडा तो स्वतः तोलून धरतो आणि सैल लगामाच्या नुसत्या हेलकाव्यावर काम करतो. न ऐकणाऱ्या घोड्याला जास्त जबर लगाम चढवणं हा मात्र उलटा उपाय आहे. ऐकत नसेल तर आधी तोंड उघडून दाढा बघाव्यात. घोड्याचे दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतात, झिजताना दाढांना धार येते आणि गाल सोलवटतो. कानशीने ती धार काढली की ‘खोडील’ घोडा कित्येकदा शहाणा होतो.

‘मोकळा चरणारा घोडा, त्याची निगा ती काय राखायची’

रँचवर कामाच्या घोड्यांचा एक तांडाच असतो. प्रत्येक काउबॉयच्या वाट्याला त्यातले काही घोडे येतात आणि तो ते आलटून पालटून वापरतो. आज दिवसभर राबलेला घोडा उद्या चरतो. निगेतला हा पहिला धडा आहे, आणि तो विश्रांतीचा आहे.

दुसरा धडा खुरांचा. नाल ठोकताना घोड्याला दुखतं हा समज जुना आहे. खिळा खुराच्या बाहेरच्या भिंतीत जातो आणि ती आपल्या नखासारखी निर्जीव असते. तो आतल्या जिवंत भागाला लागला तर चूक नालबंदाची. मात्र नाल कुठे झिजलाय, म्हणून तीन-तीन महिने तोच चालवणं वाईट. खूर महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर वाढतं. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून ते कापावंच लागतं. नाहीतर पायाचा सांधा वाकडा दाबला जातो.

खाण्यात चंदीचं महत्त्व आपण फार वाढवून ठेवलंय. घोड्याचं पोट सतत थोडं थोडं गवत खाण्यासाठी घडलेलं आहे. जठर लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं. रिकाम्या जठराला ते आम्ल व्रण पाडतं. त्यातच सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून दाणा दिला, तर पोटशूळाला आमंत्रण. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून साधी पोटदुखीही जिवावर बेतू शकते. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो कोरडा चारा आणि २५ ते ४५ लिटर पाणी हवं. दाणा हवा तो कामाच्या मानाने, एका वेळी दोन किलोंच्या आत.

आणि तापलेल्या घोड्याला गार पाणी पाजू नये, हा समज टेक्सासातही होता आणि आपल्याकडेही आहे. तो घोड्यावर अन्याय करणारा आहे. १९९६ सालचं ऑलिंपिक अटलांटाच्या दमट उकाड्यात भरणार होतं, म्हणून त्याआधी शास्त्रज्ञांनी तापलेल्या घोड्यांवर कसून काम केलं. अंगावर गार पाणी भरपूर ओतल्याने इजा तर होत नाहीच, उलट जीव वाचतो, हे त्यात सिद्ध झालं. पिण्याचंही तसंच. घामेजलेल्या घोड्याला लगेच पिऊ द्यावं. थांबवून ठेवलं तर त्याची तहान मरते आणि अंगातलं पाणी कमीच राहतं.

जंताचं औषध दर दोन महिन्यांनी न चुकता देणं हीसुद्धा जुनी रीत झाली. त्याने औषधाला न जुमानणारे जंत तयार झाले. आता शेण तपासून ज्याच्या शेणात जास्त अंडी, त्यालाच औषध देतात.

ओझ्याचा हिशेब मात्र लक्षात ठेवावा असा आहे. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार वाहू नये, खोगिरासकट. साडेचारशे किलोच्या घोड्याला हे नव्वद किलो होतात. त्यात रँचवरचं खोगीरच पंधरा-वीस किलोंचं. हाच हिशेब माथेरानच्या किंवा महाबळेश्वरच्या अडीचशे किलोच्या तट्टाला लावला तर पन्नास किलो येतात. रिकिबीत पाय घालण्याआधी आपलं वजन आपल्यालाच माहीत असतं.

पांढऱ्या पायांचं काय?

चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की आपण पंचकल्याणी म्हणतो आणि घोड्याची किंमत वाढते. जुन्या इंग्रजी समजुतीत, जी अमेरिकेतही गेली, नेमका असाच घोडा सगळ्यांत टाकाऊ. पांढरं खूर ठिसूळ असतं म्हणून. एकाच्या दारात शुभ तो दुसऱ्याच्या दारात अशुभ. खुराच्या रंगाचा मजबुतीशी संबंध आढळलेला नाही. खूर बघावं ते भेगांसाठी, कुजक्या वासासाठी.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरेल. तिथे घोडा घ्यायला जाल तेव्हा भोवऱ्या आणि पांढरे पाय बघण्याआधी ओठ वर करून दात बघा. समोरचे मधले दोन दात अजून दुधाचे असतील, तर ते जनावर अडीच वर्षांच्या आतलं आहे, विकणारा काहीही सांगो. आवडलं तर जरूर घ्या. घरी नेऊन मोकळं पळू द्या, रोज अंगावरून हात फिरवा, चारही पाय उचलायची सवय लावा. स्वारीचं खोगीर मात्र वर्षभर खुंटीवरच असू द्या.