रांजणातला आवाज: छोट्या खोलीतला बास कसा पकडायचा?

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित अवतार. आज बोलायचंय एका अशा त्रासाबद्दल, जो घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला होतो: आवाज घुमतो, आणि कितीही उशा-चादरी लावल्या तरी जात नाही.

सुरुवात आजोबांपासून. आजोबांनी आयुष्यभर सोलापूरच्या गिरणीत साचे चालवले. वय ८३. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या हे मी कॉलेजपासून म्हणतोय, शेवटी या वर्षी बसलो. तासभर बोलले. मी कौतुकानं त्यांनाच ऐकवलं, तर म्हणाले, "कोण रे हा? रांजणात तोंड घालून बोलतोय. काय म्हणतोय कळंना."

मला वाटलं, वय झालंय, कान गेलेत. पण ते अर्धंच खरं होतं. वर्षानुवर्षं साच्यांच्या खडखडाटात काम केलं की ऐकणं आधी ४००० हर्ट्झच्या आसपास कमी होतं. त, स, च, श अशा व्यंजनांची धार साधारण त्याच वरच्या पट्टीत असते. त्यात खालच्या पट्टीचा गुंजारव वाढला, की तो उरलेली व्यंजनंही झाकून टाकतो. म्हणजे दोष फक्त कानाचा नव्हता. माझ्या खोलीचाही होता.

आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात राहतोस आणि चादरी नाहीत? होत्या ना! तिन्ही भिंतींवर जाड सोलापुरी चादरी टांगल्या. टाळी वाजवली तर प्रतिध्वनी गायब. आजोबांचा घुमणारा आवाज मात्र जसाच्या तसा.

कारण सोपं आहे. ४००० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम ९ सेंटिमीटर, ११४ हर्ट्झची तब्बल ३ मीटर. चादर, फोम, गादी या गोष्टी हवेच्या हालचालीला घासून ऊर्जा खातात. पण भिंतीला चिकटून हवा पुढेमागे हलतच नाही, तिथे फक्त दाब वरखाली होतो. हवा जोरात हलते ती भिंतीपासून पाव लाट लांब, म्हणजे ११४ हर्ट्झला सुमारे अडीच फुटांवर. तिथे चादर टांगली तर आजोबांना बसवायचं कुठे?

पण ११४ च का? माझी खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट नेमकी बसली की ती तिथेच झुलत राहते. ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट, एवढंच गणित. तीस अंश तापमानाला वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. १० फुटांसाठी पहिली कंपनसंख्या येते ५७, दुसरी ११४. आणि माझी रुंदी नि उंची सारखीच, म्हणजे दोन्हीकडून ११४! आजोबांचा खर्ज बरोब्बर तिथेच.

इथे एक गंमत. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोलघुमट आहे. आतली जागा सुमारे ४१ मीटर चौरस. हेच गणित तिथे लावलं तर पहिली कंपनसंख्या येते ४ हर्ट्झ. आपल्या कानाला २० च्या खालचं ऐकूच येत नाही, आणि ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तिथे असे हजारो स्वर इतके दाटीवाटीनं असतात की एकटा कुणी उठून दिसत नाही. तिथे घुमतं सगळंच. छोट्या खोलीत मात्र खाली मोजकेच स्वर असतात, आणि प्रत्येक जण दादागिरी करतो.

पहिला उपाय फुकटचा: खुर्ची हलवा. मी आजोबांना खोलीच्या मधोमध बसवलं होतं. ११४ च्या लाटेचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि मधोमध सर्वात जास्त असतो, पाव अंतरावर जवळजवळ शून्य. म्हणून खुर्ची आणि माइक बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर आणला. फरक पडला, पण अर्धाच. कारण जमीन ते छत ही दुसरी जोडी उरली. बसलेल्या माणसाचं तोंड चार फुटांवर, आणि तिथे तिचा दाब भरपूर.

मग ॲपमध्ये ११४ कापून टाकू? ते केलं. पण ईक्यू आजोबांचा मूळ आवाज आणि खोलीचं शेपूट दोन्ही एकदम कापतो. आवाज पातळ झाला, रांजण तसाच.

तर आता खरा उपाय: रेझोनेटर. नळाखाली घागर लावली की ती भरत आली हे न बघता कळतं ना? आतली हवा कमी होत जाते तसा सूर चढतो. पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग, तोंडातली हवा म्हणजे वजन. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात अशीच पोकळ भांडी वापरून स्वर वेगळे करून दाखवले. १० लिटरचा कॅन, तोंड ५ सेंटिमीटर रुंद, मान २ सेंटिमीटर, तर सूर येतो साधारण ९८ हर्ट्झ. आत अडीच लिटर पाणी ओता, तो ११४ वर जातो. पाणी ओतून ट्यूनिंग!

पण एका कॅनचं तोंड केवढंसं? म्हणून मी दुसरा प्रकार निवडला: प्लायचं पॅनेल. उथळ पेटी, वर पातळ प्लाय, कडा हवाबंद. इथे प्लाय वजन, आतली हवा स्प्रिंग. सूत्र असं: चौरस मीटरचं वजन किलोत घ्या, पेटीची खोली मीटरमध्ये घ्या, गुणाकाराचं वर्गमूळ काढा, आणि ६० ला त्यानं भागा.

पायथनमध्ये छोटं सिम्युलेशन लिहिलं. इंटरनेटवरून प्लायची घनता घेतली, ६ मिलिमीटरला ३.६ किलो. पेटी ३ इंच खोल. उत्तर ११४.७. मी खूश. सुताराकडून दोन बाय चारची एक पेटी करून घेतली.

आता चाचणी. प्रयोगशाळेत यासाठी मोठी घुमणारी खोली लागते. आयएसओ ३५४ या मानकानुसार ती किमान १५० घनमीटर हवी, आणि तरी मोजमाप १०० हर्ट्झच्या पट्ट्यापासूनच सुरू होतं. माझी खोली ३४ घनमीटर. मग देशी जुगाड: पेटी आडवी ठेवली, वर मूठभर रवा भुरभुरला, आणि मोबाइलवरून स्पीकरला एकेक हर्ट्झ चढवत टोन दिला. रवा सर्वात जास्त नाचला तो १०७ ला. ११४ ला जवळजवळ शांत!

कोड तीनदा तपासला. कोड बरोबर होता, चूक होती आकड्यात. तसाच दुसरा प्लायचा तुकडा घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. "काय बे, लाकूड विकायला आणलंस का?" दुकानदार हसला, पण काट्यावर ठेवलं. ३.१ किलो, म्हणजे चौरस मीटरला ४.२ च्या जवळ. तो आकडा घातला आणि सिम्युलेशन म्हणालं, १०७. पेटीची खोली एक सेंटिमीटर कमी केली, सूर आला जागेवर. सिम्युलेशन खोटं बोलत नाही, पण तुम्ही जे खायला घालाल तेच ओकतं.

अशा चार पेट्या केल्या. आत कापसाचा थर, पण प्लायला न चिकटवता. कापूस लाटेची ऊर्जा खातो आणि पेटीचा पट्टाही थोडा रुंद करतो. (कापूस पेट घेतो, त्यामुळे वायरिंगपासून लांब. रॉकवूल मिळाली तर तीच घ्या.) पेट्या भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यांत ठेवल्या, कारण दाब तिथेच जास्त. ११४ चं शेपूट विरायला आधी १.२ सेकंद लागायचे, आता ०.७.

पट्टा रुंद हवा याला सोलापूरचं ऊन हेही कारण आहे. डिसेंबरच्या रात्री २० अंशांना खोलीचा सूर ११२.५ च्या आसपास, मे महिन्यात ४० ला ११६.५. कॅनचा सूर खोलीबरोबरच सरकतो, कारण दोन्ही ध्वनीच्या वेगावर चालतात. पॅनेलमधल्या हवेचा ताठरपणा मात्र तापमानावर नाही, हवेच्या दाबावर ठरतो. म्हणून पॅनेल जागच्या जागी राहतं. अगदी नेमकं ट्यून केलं तर उन्हाळ्यात हुकणार.

गेल्या रविवारी आजोबांना पुन्हा बसवलं. मधल्या काळात त्यांचा आवाज थोडा खोल गेलाय, दम लागतो. पहिल्या वेळचे दोन किस्से त्यांना आता आठवलेच नाहीत, ते रांजणातल्या रेकॉर्डिंगमध्येच राहिले. बाकीचं सांगितलं. ऐकवलं तेव्हा डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "हां, हा मी आहे."

तुमच्या घरी कुणाचा आवाज जपायचा असेल तर पेट्या होईपर्यंत थांबू नका. आजच खुर्ची मधून हलवा आणि रेकॉर्ड दाबा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!